पिंडाला नाव हवं

मोहाळीच्या वीटभट्टीवर भूत आहे ही बातमी पक्की झाली, तेव्हा सगळ्यात आधी मजुरीचा भाव वाढला. निवेदनं देऊन, मोर्चे काढून जे आजवर साधलं नव्हतं, ते एका मेलेल्या माणसानं आठवड्याभरात साधलं. वाढलेल्या भावानंही भट्टीवर जायला कोणी तयार नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

भूत यायचं भर दुपारी. हे शास्त्राला धरून नव्हतं, पण मजुराचं भूत कामाच्या वेळेलाच येणार, अशी गावानं स्वतःची समजूत घातली. थापणीचं मैदान रिकामं असायचं आणि तिथून साच्याचा आवाज यायचा. थप, थप. मग जरासा दम. पुन्हा थप, थप.

भामाबाईनं तो पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती शेळीसाठी पाला तोडत होती. तिचा भुताखेतांवर विश्वास नव्हता. आजेसासऱ्यानं छप्पन्न साली घरातले देव ओढ्यात सोडले, त्यांच्याच सोबतीनं भुतंही वाहून गेली, असं ती मानत आली होती. तरी तिच्या हातातला पाला गळाला. आवाज ओळखीचा होता. असं दोनदा थापून दम घेणारा एकच माणूस त्या भट्टीवर होता, आणि कुंपणाला टेकून तिनं त्याला भरपूर शिव्या दिल्या होत्या. त्याला त्या कळत नसत. तो मान वर करून हसायचा.

शिव्या देण्याला कारण होतं. सिरसाळ्याच्या रस्त्याला लागून असलेल्या या भट्टीवर एके काळी भामाबाई आणि तिचा नवरा कारभारी विटा थापायचे. मग मालकांनी, म्हणजे बद्रीनाथनानांनी, एक शोध लावला. गावातला मजूर आजारी पडतो. त्याच्याकडं पाव्हणे येतात, लग्न निघतं, जयंती असते. शिवाय त्याला मत असतं. ‘तिकडच्या’ मजुराला यातलं काहीच नसतं. तिकडचे म्हणजे कुठले, हे नानांनी विचारलं नाही. पूर्वेकडचे, एवढं त्यांना पुरलं. सरहद्दीच्या अलीकडचे की पलीकडचे, हे न विचारण्यात फायदा होता. कुणी जास्त बोलू लागलं, की मुकादम बंकट नुसतं म्हणायचा, “ठाण्यात देऊ का बे?” माणूस गप्प व्हायचा आणि भाव खाली यायचा.

नावं लक्षात ठेवायची कटकट नको म्हणून भट्टीवर सगळ्या तिकडच्या पुरुषांना राजू म्हणत. एकाला हाक मारली की चार जण वळून बघत. काम कुणीही केलं तरी चालायचं, त्यामुळे त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं.

भामाबाईचं काम गेलं आणि दरसालचा ऊस नशिबी आला. दिवाळी झाली की कोयता घेऊन कर्नाटकात. यंदा मात्र तिचा पाय निघत नव्हता. आम्रपाली बारावीला होती आणि नणंद कारभाऱ्याच्या मागं लागली होती: “पोरीला एकलीला कुटं ठिवता? पाव्हणे चांगले हायेत, उरकून टाका.” ऊसतोडीच्या घरात पोरींची लग्नं अशीच लागतात. नवरा बघून नव्हे, टोळीची गाडी कधी येणार ते बघून.

अशात भट्टीतून भाजलेल्या विटा काढताना गरम थर ढासळला आणि त्याच्याखाली एक राजू गेला. नानांनी पोलिसांना सांगितलं, “आमचा माणूस न्हाई साहेब. भिकारी असंल. उबेला झोपलता.” बंकटनं मान हलवली. बेवारस म्हणून अंत्यविधी झाला. नाना घरी येऊन व्यवस्थित जेवले.

दुसऱ्याच दिवशी दुपारी आवाज सुरू झाला. तिकडचे सगळे बोचकी बांधून पसार झाले. घरकुलांच्या विटांसाठी आलेले ट्रॅक्टर रिकामे उभे राहिले. परळीच्या वीजकेंद्रातून विटांसाठी आणलेली राख ढिगानं पडून होती, ती वाऱ्यानं उडून नानांच्या ओसरीवर येऊ लागली. मग नानांना दुपारी जेवण जाईना. त्यांनी गुरुजींना बोलावलं.

गुरुजी म्हणाले, “सोपं आहे. ओढ्यावर पिंड ठेवू. मयताचं नाव आणि गोत्र सांगा.”

“राजू,” नाना म्हणाले.

“हे हाक मारायचं झालं. खरं नाव?”

नानांनी बंकटकडं पाहिलं. बंकटनं राखेकडं पाहिलं.

“गोत्र नसलं तर काश्यप म्हणता येतं,” गुरुजी म्हणाले. “नावाला मात्र तोड नाही. चुकीच्या नावानं बोलावलं तर दुसराच कुणी येईल. मग दोघांना सांभाळा.”

पोलिसांनी ज्या माणसाचं नाव विचारलं नव्हतं, त्याचं नाव आता नानांना स्वतः शोधावं लागणार होतं. ते एकाच व्यक्तीला ठाऊक होतं. सगळे पळाले तरी त्याची बायको भट्टीमागच्या खोपटात एकटीच बसून होती. ती कुणाशी बोलत नव्हती.

म्हणून नाना भामाबाईच्या दारी आले. जन्मभर ‘ए भामे’ म्हणणारे नाना त्या दिवशी म्हणाले, “भामाबाई, हायेत का घरात?”

“हाय की. बसा नाना. शेळीनं जागा दिली तर.”

“त्या बाईकडून तेवढं नाव काढ. बाई बाईशी बोलते. मग तू न् कारभारी या कामावर, वाढीव भावानं. बारमाही. उसाला जायाची गरज न्हाई.”

“आमच्यात पिंड न्हाई नाना, न् कावळा बी न्हाई.”

“तुला कुटं खायाचाय पिंड? नाव आण.”

भामाबाई खोपटाशी गेली, तेव्हा ती बाई उंबऱ्यात बसली होती. हातात शंखाच्या पांढऱ्या बांगड्या जशाच्या तशा. भामाबाईला राग आला. एक तर आमचा भाव पाडला, वर नवरा मेला तरी बांगड्या. मग उसाच्या फडात शिकलेल्या मोडक्या हिंदीत तिनं विचारलं, “तेरे आदमी का नाम क्या था?”

बाईनं वर पाहिलं.

“इधर किसीने पूछा नहीं,” ती म्हणाली. “तुम पूछा.” आणि तिनं भामाबाईच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगितलं. स्वतःचंही सांगितलं: मालती.

इतक्या सहज मिळेल असं वाटलं नव्हतं. उठता उठता भामाबाईनं बांगड्यांकडं बोट केलं. “ये?”

“बाबू पुलिस को बोला, भिकारी मरा,” मालती म्हणाली. “मेरा आदमी भिकारी नहीं था. तो मेरा आदमी मरा नहीं. चूडी काहे को उतारेगा?”

भामाबाई परत बसली. तिला कर्नाटकातली एक बाई आठवली. फडाच्या बांधावर उभी राहून ती बाई कानडीत काहीतरी ओरडली होती आणि भामाबाईच्या पायाशी थुंकली होती. भाषा कळली नव्हती. अर्थ कळला होता: तुम्ही बीडवाले येता न् आमचा भाव पडतो. तिथं भामाबाईलाही नाव नव्हतं. मुकादमाच्या वहीत नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्याला ‘ए बीडवाली’.

संध्याकाळी ती चुलीपुढं भाकरी थापायला बसली.

“आई,” आम्रपाली पुस्तकातून मान काढून म्हणाली, “आज भाकरी कावून अशी थापायलीस?”

“कशी?”

“दोनदा थापतीस न् थांबतीस.”

भामाबाईनं स्वतःच्या हातांकडं पाहिलं. पिठानं पांढरे झालेले हात, मनगटापर्यंत. ती भाकरी तव्यावर पडलीच नाही.

कारभाऱ्याला तिनं सगळं सांगितलं. तो तंबाखू मळत राहिला. “नाव देऊन टाक की. मेलेल्या माणसाचं काय जातंय?”

“त्याचं काय बी जात न्हाई. आपलं जातंय. ज्याला नाव न्हाई त्याला भाव न्हाई. त्यो बिननावाचा होता म्हणून आपला बी भाव गेला.”

“न् पोरीचं?”

भामाबाईनं पुस्तकात मान घातलेल्या आम्रपालीकडं पाहिलं. कारभाऱ्यानं तंबाखू तोंडात टाकली नाही, तशीच झटकली.

सकाळी ओढ्यावर भाताचा पिंड मांडला गेला. अर्धं गाव जमलं होतं. भुताचं जेवण बघायला लोक येतात, माणसाचं कोण बघतं? बाभळीवर कावळे होते, पण एकही खाली उतरेना. भामाबाई मालतीला घेऊन आली. वाटेत तिनं विचारलं होतं, “ठाणे में गये तो तेरे को भी पकडेंगे. समझा क्या?” मालती म्हणाली होती, “इधर भी पकडा हुआ है.”

गुरुजींनी पाणी हातात घेतलं. “नाव?”

नानांनी भामाबाईकडं पाहिलं.

“नाव हाय,” भामाबाई म्हणाली. “पण हितं न्हाई सांगणार. ठाण्यात सांगते. आधी तिथं बोला, ह्यो माझ्या भट्टीवर कामाला होता, माझ्या विटांखाली मेला. मग कावळ्याला सांगा.”

“डोकं फिरलं का तुझं? कामाचं इसरलीस?”

“न्हाई इसरले. पोरगी बारावीला हाय, कसं इसरंल?”

“ए, चल नीघ,” बंकट पुढं आला, पण गुरुजींनी हात आडवा केला. त्यांच्या ओंजळीतलं पाणी गळून चाललं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, “नाना, पिंड उघडा पडलाय. लवकर ठरवा.”

दोघी बाया सडकेला लागल्या. मागं वळून पाहिलं तर कारभारी येत होता, त्याच्या मागं आणखी काही माणसं, भट्टीवरून काम गेलेली. नाना पिंडापाशी उभे होते. एक कावळा बाभळीवरून उडाला आणि त्यांच्या जीपच्या टपावर जाऊन बसला.

ठाण्यात हवालदारानं कुरकुरत कागद ओढला. “मयताचं नाव?”

“निमाई मंडल,” मालती म्हणाली. मोठ्यानं. ते लिहून होईपर्यंत ती पेनाच्या टोकाकडं पाहत राहिली. मग तिनं एकेक करून बांगड्या उतरवल्या आणि टेबलावर ठेवल्या. त्यांचा आवाज झाला तेव्हा हवालदारानं पेन खाली ठेवलं.

मग ते पुन्हा उचलून तो म्हणाला, “बाई, तुमचे कागद?”

“भट्टीवाल्याला मागा,” भामाबाई म्हणाली. “कामाला ठिवताना त्यानं न्हाई मागितले. माणूस मेल्यावर तुमी कावून मागायलात?”

बाहेर नानांची जीप येऊन थांबली. इंजिन बंद झालं नाही, दारही उघडलं नाही. बऱ्याच वेळानं जीप निघून गेली.

चौकशी चालू आहे. चालू असणं हा चौकशीचा धर्मच आहे. मालतीला नागरिकत्वाच्या पडताळणीसाठी नेलं. तिच्या गावाला पत्र गेलंय म्हणतात, उत्तर यायचंय. ओढ्यावरचा पिंड शेवटी कुत्र्यांनी खाल्ला. नानांची भट्टी बंद आहे. आधीच्या विटा मात्र विकल्या गेल्या, चांगल्या भाजलेल्या होत्या. त्यांची पक्की घरं झाली, आणि त्या घरांतल्या काही बाया सांगतात की दुपारी भिंतीला पाठ टेकली की झोप लागत नाही.

आम्रपालीचं लग्न लागलं नाही. आई-बापानं तिला परळीच्या वसतिगृहात ठेवलं आणि टोळीची गाडी धरली.

कर्नाटकातल्या फडावर पहिल्या दिवशी नवा मुकादम ओरडला, “ए बीडवाली, मोळी उचल.”

भामाबाई जागची हलली नाही. कोयता तिनं पायाशी ठेवला.

“भामाबाई कारभारी साळवे,” ती म्हणाली. “आधी लिव्हा. मग उचलते.”

मुकादम हसला. मग त्यानं पाहिलं, टोळीतल्या बाकीच्या बायांनीही कोयते खाली ठेवले होते.