फुग्याची दाढी

पैज माझ्याच तोंडातून निघाली, हे आधीच कबूल करतो. आमच्या गल्लीत कुठलंही लचांड निघालं की लोक पहिली नजर माझ्याकडेच टाकतात, आणि बहुतेक वेळा बरोबरच टाकतात.

सकाळचे साडेसात. बेकरीच्या पायरीवर आम्ही नेहमीचे चार-पाच जण चहाचे ग्लास धरून उभे. समोर मखमलच्या दुकानाचं शटर खाली, सात महिने झाले. मखमल म्हणजे आमचा न्हावी आणि माझा शाळेपासूनचा दोस्त. हात इतका हलका की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायचं, म्हणून मखमल. खरं नाव रेशनकार्डावर असेल.

"खुर्ची विकतोय म्हणे," बेकरीवाला म्हणाला. "दोन महिन्यांनी कोणीतरी न्यायला येणार आहे."

"कोण म्हणालं?"

"तोच म्हणाला. आणि विकू दे की. वाईट मलाही वाटतं रे, पण त्या हाताने आता तो फुगा तरी भादरेल का?"

हे फुग्याचं सांगतो. नवशिक्या न्हाव्याच्या हातात कोणी लगेच माणसाचा गाल देत नाही. आधी फुगा फुगवायचा, त्याला फेस लावायचा आणि वस्तऱ्याने फेस काढायचा. फुगा फुटला नाही तर पुढे माणूस.

"भादरेल," मी म्हणालो. "आठ आठवड्यांनी. इथेच, भर रस्त्यात."

"आणि फुटला तर?"

"माझी मिशी जाईल. सगळ्यांसमोर. नाही फुटला तर तुझी."

बेकरीवाल्याची मिशी म्हणजे तो भट्टीत डोकावला की आधी ती आत जाते. आणि माझी मी एकोणिसाव्या वर्षापासून ठेवलेली. लग्नाला बावीस वर्षं झाली, बायकोने माझा वरचा ओठ अजून पाहिलेला नाही. बेकरीवाल्याने चहा संपवला, मिशी पुसली आणि हात पुढे केला. तो माझ्यावर डूख धरूनच असतो. एकदा मी त्याच्या केकवर दाढीचा फेस लावून ठेवला होता. दोन तुकडे विकले गेले, तक्रार कोणाचीच आली नाही, आणि त्याला त्याचंच जास्त लागलंय.

आता मखमलचं काय झालं होतं ते. पंधरा वर्षांपूर्वी त्याचं डोकं फार बिघडलं होतं. झोप नाही, कानात आवाज, कोणीतरी मागे लागलंय असं वाटायचं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि माणूस परत मिळाला. दुकान, संसार, सगळं त्या गोळ्यांवर परत उभं राहिलं. पण गेल्या वर्षी त्याचं तोंड आपोआप चालायला लागलं. ओठ चंबू व्हायचे, जीभ आतून गालाला ढुशा द्यायची, जबडा काहीतरी चघळत बसायचा. मग उजव्या हाताची बोटं, हवेत टाइप करत असल्यासारखी. इतकी वर्षं ती गोळी घेतली की काही जणांना असं होतं, डॉक्टर म्हणाले.

गिऱ्हाइकाला आरशात मागे न्हाव्याचं तोंड दिसतंच. एक जण हसला. एकाने मध्येच उठून पैसे दिले आणि अर्ध्या दाढीने निघून गेला. मग एकाच्या कानाला वस्तरा लागला, अगदी जरासा, पण त्या दिवशी मखमलने स्वतःच्या हाताने शटर ओढलं.

पैज लागली त्याच आठवड्यात डॉक्टरांनी त्याला नवीन औषध सुरू केलं होतं. या आपोआप होणाऱ्या हालचालींवरचंच. दिवसातून एक गोळी, औषध दिवसभर हळूहळू सुटतं. दर आठवड्याला डोस थोडा वाढवायचा. जुन्या गोळ्या बंद करायच्या नाहीत. फार झोप आली किंवा मन खचलं तर लगेच कळवायचं. वहिनीने, म्हणजे मखमलच्या बायकोने, हे सगळं कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं होतं.

मी पैजेची बातमी द्यायला त्याच्या घरी गेलो तेव्हा तो खिडकीत बसला होता, पाठ दाराकडे.

"मला न विचारता?" तो म्हणाला.

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास."

"नाहीच म्हणालो असतो! मी काय माकड आहे का रे, रस्त्यात खेळ करायला?"

"माकड मी आहे. तू फक्त फुगा भादर."

"ती खुर्ची घेतली तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो," तो हळूच म्हणाला. "ती नेतील त्या दिवशी मला घरात राहायचं नाही. तू घेऊन जा कुठेतरी." बोलताना जीभ दोनदा आडवी आली. त्याने हाताने तोंड झाकलं.

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "भावजी, फुगे आणाच तुम्ही. निदान घरात काहीतरी रंगीत येईल."

पहिल्या संध्याकाळी अकरा फुगे फुटले. प्रत्येक फुग्याला वहिनी दचकायची आणि मखमल भिंतीकडे बघायचा. दुसऱ्या आठवड्यात सात. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तीन, आणि एक अर्ध्यापर्यंत शाबूत. मला फुग्यांपेक्षा एक वेगळी गोष्ट जास्त आवडली. वहिनी जिन्यात मला थांबवून म्हणाली, "काल जेवताना जीभ चावली नाही एकदाही. मी मोजत होते. त्यांना सांगू नका."

आणि इथेच मी शहाणपणा केला.

त्यांचा संडास तुंबला. कारण उघड होतं, फुटलेले फुगे कोणीतरी आत टाकत होतं. मखमलच, लाजेपायी. मी व्यवसायाने प्लंबर. ग्लोव्ह्ज घातले, पाइप खोलला, रबराचा रंगीबेरंगी गोळा बाहेर ओढला. आणि त्यात काय? गोळ्या. चार-पाच, गोल, सबंध, जशा पाकिटात असतात तशाच.

माझं डोकंच सटकलं. म्हणजे औषध पोटात विरघळतच नाही! आलं तसं गेलं! मग जो काही फरक पडला तो मखमलच्या मेहनतीचा, आणि औषध लागू पडलं तर काय बहार येईल. मी डॉक्टरांना विचारलं नाही, औषधाच्या दुकानात विचारलं नाही. वस्तू अडकली की फोडायची, एवढंच मला आयुष्यभर ठाऊक. दुसऱ्या दिवसापासून सकाळी वहिनी पाणी भरायला गेली की मी तिने काढून ठेवलेली गोळी उचलायचो, पान्याच्या मागच्या बाजूने तिचं पीठ करायचो आणि मधात कालवून मखमलला द्यायचो. "डॉक्टरांनी सांगितलंय," असं ठोकून दिलं. त्याने विश्वास ठेवला. माझ्यावर! एवढ्या वर्षांच्या ओळखीनंतर!

पहिल्या दिवशी तो दुपारभर झोपला. दुसऱ्या दिवशी चालताना दाराच्या चौकटीला धडकला आणि संध्याकाळी तोंड परत चालू. तिसऱ्या दिवशी तो उठून बसेना. "राहू दे सगळं," एवढंच म्हणाला आणि कूस बदलली. फुग्यांची पिशवी खिळ्याला तशीच.

वहिनी घाबरली. पाकीट घेऊन औषधाच्या दुकानात निघाली, मी मागोमाग. वहिनीने तीन दिवसांचं सगळं सांगितलं तशी काउंटरवरची ताई चष्मा वर करून म्हणाली, "चुरून दिली?"

"कोणी चुरली?" वहिनी म्हणाली. "मी तर सबंधच ठेवते."

खोटं बोलायला मला मुळीच वेळ लागत नाही. तीन वेगवेगळी कारणं जिभेवर आलीसुद्धा. पण वहिनी पाकीट उलटंसुलटं करून स्वतःचीच चूक शोधत होती.

"मी," मी म्हणालो. "मी चुरली. संडासात सबंध गोळ्या सापडल्या. मला वाटलं, वाया जातायत."

ताईने माझ्याकडे असं बघितलं की मी ग्लोव्ह्ज घालूनच आलोय की काय असं वाटलं. "अहो, ते नुसतं कवच असतं. औषध त्यातून दिवसभर जरा जरा झिरपतं आणि रिकामं कवच बाहेर पडतं. कवच दिसलं म्हणजे औषध गेलं असं नाही. चुरली की दिवसाचं सगळं औषध एकदम अंगात!"

"म्हणजे टाकी," मी म्हणालो. "थेंब थेंब सोडणारी. आणि मी टाकीच फोडली."

"समजलं ना? आता आधी डॉक्टरांना फोन लावा."

वहिनीने तिथूनच लावला. डॉक्टरांनी त्याच दिवशी बोलावलं, तपासलं, मन किती खचलंय तेही खोदून खोदून विचारलं. मग गोळी कधी आणि किती डोसपासून परत सुरू करायची ते कागदावर लिहून दिलं. सबंध गिळायची, हे शब्द दोनदा अधोरेखित. मी बाहेर बाकावर बसून होतो. वहिनी बाहेर आली, कागद पिशवीत टाकला आणि मला मागे सोडून चालू लागली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मखमलला मीच सांगितलं. दोन दिवसांनी तो जरा सावरला होता, उशीला टेकून बसला होता. पान्यापासून मधापर्यंत सगळं सांगितलं. म्हटलं, "पैज मोडतो. मिशी आजच काढून टाकतो. तुझं वाईट करून मला काही जिंकायचं नाही."

तो उशीवरून सरळ झाला.

"तू," तो म्हणाला, "माझ्या संडासात हात घालून माझ्या गोळ्या मोजल्यास?"

"ग्लोव्ह्ज होते."

त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं हालचाल परत सुरू झाली. पण तो हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, बरगड्या धरून. वहिनी धावत आली, तिला काही कळेना, मग तीही हसायला लागली आणि हसता हसता माझ्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला. तो अजून आठवतो मला.

"पैज मोडायची नाही," मखमल डोळे पुसत म्हणाला. "पण आता गोळीला हात लावलास तर तुझाच पान्याने चुरा करीन."

आठवा आठवडा संपला तेव्हा त्याचं तोंड पुष्कळ शांत झालं होतं. पूर्ण नाही. डॉक्टर म्हणालेच होते, कमी होईल, कदाचित सगळं जाणार नाही. बोटं दिवसातून काही वेळा आपलं टाइप करून घ्यायची, बस.

रविवारी सकाळी आम्ही खुर्ची ढकलत रस्त्यात आणली. गल्ली गोळा झाली, वरच्या खिडक्यांतही डोकी. माझी बायको गॅलरीत ओले कपडे हातात धरून उभी. बेकरीवाल्याने स्वतः लाल फुगा फुगवला, टम्म, शक्य तेवढा ताणून.

"अरे, गालाएवढा फुगव ना! हा काय बैलाचा गाल आहे का?" मी ओरडलो.

"पैजेत माप ठरलं नव्हतं!"

मखमलने फेस लावला. वस्तरा उघडला. एक पट्टा निघाला. दुसरा. कोणी खोकेना. तिसरा, चौथा, लाल रंग दिसायला लागला. शेवटचा चिंचोळा पट्टा राहिला होता आणि त्याची तर्जनी एकदाच, जराशी, उडाली.

फट्.

फेस त्याच्या चेहऱ्यावर, बेकरीवाल्याच्या मिशीवर, सगळीकडे. कोणीच हसलं नाही. मखमलने वस्तरा मिटला. "खुर्ची आत घ्या," तो म्हणाला. "तो माणूस उद्या येणार आहे न्यायला."

मी खुर्चीत जाऊन बसलो. मान मागे टाकली.

"मी हरलोय. माझी मिशी काढ."

"तो काढेल," त्याने बेकरीवाल्याकडे बोट दाखवलं.

"तो माझा ओठ पावासारखा कापेल. तू काढ."

"फुगा फुटला, दिसलं नाही का तुला?" तो माझ्या कानाशी पुटपुटला. "तुझा गळा आहे हा, गाढवा."

"फुग्यावर करंगळी टेकता येत होती का? आयुष्यभर तू गिऱ्हाइकाच्या गालावर करंगळी टेकवून दाढी केलीस. अधांतरी हात तर माझाही हलतो. मला गाल आहे. टेकव."

त्याने माझ्या गळ्याभोवती फडकं बांधलं. मग ब्रश फिरला, कोमट फेस ओठावर आला. पातं बदलल्याचा आवाज झाला. आणि त्याची करंगळी माझ्या गालावर टेकली. ती दोनदा उडाली, मला स्पष्ट कळलं. त्याने वस्तरा उचलून धरला, थांबला, ती शांत होऊ दिली. मी डोळे मिटले. खरं सांगतो, भीती वाटत होती, पण हललो नाही. इतका वेळ न हलता मी लग्नातसुद्धा बसलो नव्हतो.

पहिला पट्टा निघाला. मग दुसरा.

"संपलं," मखमल म्हणाला आणि ओल्या फडक्याने माझा ओठ पुसला. रक्ताचा एक थेंब नाही. गल्लीत एकदम हलकल्लोळ झाला. गॅलरीतून बायको ओरडली, "अगं बाई! हा असा दिसतो होय? कोणी आधी सांगितलं असतं तर!"

लोक पोट धरून हसत होते, माझ्या उघड्या ओठाकडे बोटं दाखवत होते. मी खुर्चीतूनच सगळ्यांना वाकून नमस्कार केला. मागून बेकरीवाल्याने माझ्या दंडाला धरून ओढलं.

"झालं ना? ऊठ आता," तो म्हणाला आणि स्वतः खुर्चीत बसला. "मखमल, माझी दाढी कर. आणि मिशीला धक्का लावलास ना, तर बघ. मी जिंकलोय."