साबणाविना फेस

लाँड्रीच्या मागच्या हौदाभोवती सकाळपासून रेटारेटी चालली होती. हौदावर झुकलेल्या फांदीला वाटीएवढा पांढराशुभ्र फेस लटकत होता. दोन दिवस काम बंद, हौदाला साबणाचा कण लागलेला नाही. आम्ही धुणारी माणसं. फेस म्हणजे साबण, एवढंच आमचं शास्त्र. साबण नाही आणि फेस आहे, म्हणजे चमत्कारच.

झाडाखाली मुक्काम टाकलेल्या बुवांनी हे बरोबर हेरलं. "तुम्ही जगाचे डाग काढता, देव तुमच्या नशिबाचे काढतोय. हे त्याच्या घरचं धुणं. कपाळाला लावा, दुखणं वाहून जाईल. पण औषध घेतलंत, तर देव हात आखडेल."

"देव आणि औषध एका घरात नांदत नाहीत का हो?" मी विचारलं.

"इस्त्रीवाले, सुरकुत्या कापडाच्या काढा. देवाच्या बोलण्यात काढू नका."

लोक हसले. मीही हसलो आणि इस्त्रीकडे वळलो.

त्याच दिवशी वहिनीने माझ्या पुतणीच्या, दहा वर्षांच्या पोरीच्या, आकडीच्या गोळ्या बंद केल्या.

"भावोजी, चार वर्षं गोळ्या खाऊन काय मिळालं?"

"दोन वर्षांत आकडी आली नाही, हे मिळालं."

"मग बरी झालीच की. पुढचं देव बघेल."

पुढच्या दोन आठवड्यांत आणखी दोन फेस आले आणि गेले. समोरच्या दवाखान्याच्या चादरी धुवायला द्यायला येणाऱ्या सिस्टरने सगळं ऐकून घेतलं. "बुवा दर चौथ्या दिवशी फेस काढून का टाकतात?"

"देव परत नेतो म्हणतात."

"देवाला एवढी कसली घाई?"

पुढच्या आठवड्यात शेजारच्या फांदीला नवा फेस आला. बुवा अंघोळीला गेले तेवढ्यात सिस्टरने तो पानासकट तोडला आणि आमच्या खिडकीत, पाण्याच्या बरणीवर टांगला.

पाचव्या दिवशी पोर इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. उभ्या उभ्या तिला आकडी आली आणि तळहात तापल्या इस्त्रीवर पडला. सिस्टर धावत आली. हाताला पट्टी बांधत असताना बरणीत टप आवाज झाला. फेस मऊ पडून ओघळत होता आणि त्यातून शेपटीवाले काळे जीव पाण्यात पडत होते.

"झाडावरची बेडकी," सिस्टर म्हणाली. "अंगातून चिकट द्रव सोडते, मागच्या पायांनी घुसळून त्याचा फेस करते, त्यात अंडी घालते. वरचा थर सुकतो, आत ओल टिकते. पिल्लं तयार झाली की फेस विरघळतो. म्हणून तर पाण्यावरची फांदी निवडते."

बरणी घेऊन मी तसाच हौदाकडे गेलो.

बुवा हसले. "हे जीवही देवाचेच."

"देवाचेच आहेत. मग ते बाहेर पडायच्या आत तुम्ही फेस कुठे नेत होतात?"

बुवांच्या आधी झाडूवाली मावशी बोलली, "माझ्या कचऱ्याच्या डब्यात. वरून कागद घालून. मला वाटलं, प्रसाद नासला असेल."

कोणी हसलं नाही. बुवांनी चटई गुंडाळली.

पोरीच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. बोटं मात्र अजून नीट मिटत नाहीत. वहिनी मला एवढंच म्हणाली, "तुम्हाला शंका होती ना, भावोजी? मग एकदाच का विचारलंत?"

बोटाएवढ्या बेडकीच्या अंड्यांसाठी एवढी तजवीज करणाऱ्यापुढे मी आजही हात जोडतो. पण तो कुणाच्या पोरीचं औषध बंद करायला सांगत नाही. जो सांगतो, त्याला प्रश्न विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारा.