चौथी पात

मंगे, तू आधी गप बस अन् निस्तं ऐक. मधी बोललीस तर मला परत पयल्यापासनं सांगाया लागंल.

आमचा नांदूरघाटाचा वरचा माळ तुला म्हाईत हाय की. दादानं गेल्या वर्षी तिथली तरवड अन् घाणेरी तोडली, वैशाखात वाळल्यावर पेटवून दिली अन् त्या राखंत साळ पेरली. माळावर भात कोण करतंय, म्हणून लोकं हसले. पण साळ अशी आली, तण नावालाबी न्हाई, केजवरनं माणसं बघाया आलती. ह्या वर्षी मात्र राख सरली अन् तण उठलं. त्यात सावा. हा सावा लहान असला की हुबेहूब साळीसारखा दिसतो बघ. तीच उंची, तसंच पान.

मग खुरपायला आमी सात जणी, एकेकीला रानाचा एकेक पट्टा, एकेक पात. म्होरं चंद्रभागाबाई. कुठल्याबी रानात बांधाकडची पयली पात तिची, चाळीस वर्सं झाली. पण आता तिचे गुडघे गेले, अन् पयली पात कुणाला द्यायची ते ह्या वर्षी बघून ठरवते म्हणलती. मला पायजे हुती ती पात, खोटं कशाला बोलू. पयल्या पातीवाली उठली की सगळ्या उठतेत, ती बसली की बसतेत.

खुरप्याला हात लावायच्या आधी चंद्रभागाबाईनं एक पान खाली ओढून, देठापाशी जिथं ते ताटाला चिकटतं तिथं बोट ठेवून दाखवलं.

"साळीला हितं बारीक जीभ असती. साव्याला नसती. दिसण्यावर जाऊ नका."

सत्यशीला वहिनी ते लई ध्यान देऊन बघत हुती. ती आष्टीकडची, ऊसतोडीत वाढलेली. लगीन होऊन चार महिने झालते, साळीचं रान जल्मात पयल्यांदा बघत हुती. एकेक पान ओढायची, बोट फिरवायची, मगच उपटायची. सगळ्यात मागं. बाया म्हणायच्या, कोयतेवाले, साळीची नाडी बघतीस का? ती हसायची अन् परत पान ओढायची.

मी? मी एक नंबर. माझी पात कडंला लागली तवा बाकीच्या निम्म्यातबी नव्हत्या. बांधावर बसून घटाघटा पाणी प्याले. चंद्रभागाबाईनं माझ्या पातीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, खूश झाली.

पोळा झाला अन् एक दिवस आईनं सगळ्यांला माळावर बोलावलं. सगळी साळ गुडघ्याएवढी, अन् मधी एक पट्टा कमरेएवढा, तांबूस तुरे काढून उभा. ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत, सरळ. कुणीतरी साळ उपटून सावा जपला हुता. ते बी गळलं असतं तर पुढच्या वर्षी अख्खा माळ हातचा गेला असता.

आईनं बांधापासनं मोजलं. चौथी पात. मोजायच्या आधीच सगळ्या वहिनीकडं बघत हुत्या.

"कुणाची हुती ही?"

चंद्रभागाबाईला कुणाची कुठली पात ते पाठ असतंय. ती म्हणली, "चौथी ना, चौथी..."

"माझी हुती, आत्या," वहिनी म्हणली.

आई काय काय बोलली ते सांगत न्हाई. उसाच्या फडातली पोर आणली की असंच, इथपर्यंत गेली. वहिनीनं मान खाली घातली न्हाई. पदर खोचून त्याची ओटी केली, इळा घेतला अन् एकेक तुरा कापून ओटीत टाकाया लागली, बी भुईवर पडू नये म्हणून. मीबी लागले. मग वहिनी माझ्याकडं न बघताच म्हणली,

"पान ओढून बघत जा, ताई."

मंगे, तिसरी पात तिची हुती. तिच्यात एक काडी सावा न्हाई, आजबी जाऊन बघ. चौथी माझी. मी एकबी पान ओढलं नव्हतं. जाड हिरवं ते साळ अन् बारीक पिवळं ते तण, असं धरून सुटलते.

काल तुरीत खुरपाया गेलतो. चंद्रभागाबाई म्हणली, पयली पात सत्यशीला धरंल. आईनं इचारलं, कावून, साळ उपटणारीला कावून? ती म्हणली, "मला माझ्या बायांची पारख हाय." असं म्हणली अन् माझ्याकडं बघितलं.

काय दिसत हुती गं वहिनी, सगळ्यांच्या म्होरं. तिच्या मागच्या पातीला मी हुते, माझी छाती अशी फुगली. सारखं वाटायचं, सगळ्यांला सांगावं, ही माझी वहिनी हाय.

पण आई अजून दारोदार सांगती, सुनेनं माळ नासवला. त्या दिवशीबी आई माझ्यापासनं सात पावलांवर उभी हुती. माझं तोंडच उघडलं न्हाई, अन् जेवढे दिवस जातेत तेवढं जड होतंय.

आता बोल. तू असतीस तर काय केलं असतंस?