अंथुर्ण्याचा पहिला फोन

"साखरी कालपासनं चाऱ्याला तोंड लावंना," प्रयागबाई फोनवर म्हणाली. "पण तुझ्या पट्ट्याचा फोन न्हाय आला, म्हंजे ताप नसंल नव्हं?"

रेश्मा म्हणाली, "काकी, कानाला हात लावून बघ."

"तूच म्हणलीस, आता हात लावायची गरज न्हाय." मग तिची पावलं गोठ्यात गेलेली ऐकू आली. "चटका बसतोय गं."

साखरी गाय गाभण होती, सातव्या महिन्यात. तिच्या गळ्यातला पट्टा रेश्मानंच गेल्या आठवड्यात बांधला होता. बारामतीत एका दुकानाच्या माडीवर ती आणि आरिफ हा उद्योग चालवत. पट्टा अंगाचा ताप मोजणार, प्रोग्राम ते आकडे चाळणार आणि मालकाला रेश्माच्याच आवाजात फोन जाणार. चुलतीला तिनं छातीठोकपणे सांगितलं होतं, तू निर्धास्त राहा. शहाण्या माणसानं असं कुणाला सांगू नये, पण शहाणपण नेहमी उशिरानंच येतं.

तिनं गुरांचे डॉक्टर विजयसिंह यांना कळवलं आणि लॅपटॉप काखोटीला मारून आरिफच्या मोटरसायकलवर बसली.

"पट्ट्याचे आकडे काल दुपारीच आलेत," वाटेत चहाच्या टपरीवर थांबून तिनं दाखवलं. "ताप चढलेला दिसतोय. मग फोन गिळला कुणी?"

"मी निघायच्या आधी प्रोग्रामच्या सगळ्या चाचण्या पुन्हा चालवल्या. एकही चुकली नाही," आरिफ म्हणाला.

"मग काय माझी काकी खोटं बोलतीये?"

त्यानं चहाचे पैसे दिले. रेश्माला रडू येत होतं आणि त्याहून जास्त स्वतःचा राग.

अंथुर्ण्याला काकीच्या गोठ्यात पोचल्यावर ती खाटेवर लॅपटॉप मांडून बसली. प्रोग्राम म्हणजे एकापुढं एक जोडलेल्या पायऱ्या. पहिली पायरी चुकीचे आकडे टाकून देई, दुसरी फक्त धोक्याचे इशारे पुढं सोडी. तिसरी सलग आलेला तोच इशारा अडवी, कारण एकाच तापासाठी दहादा फोन कुणाला हवाय? त्यासाठी या पायरीला मागचा इशारा ध्यानात ठेवावा लागे. पायऱ्या एकदाच जोडायच्या आणि प्रत्येक गायीला वापरायच्या, याचा रेश्माला कोण अभिमान.

डॉक्टर माळेगावचा एक गोठा उरकून आले. आल्याआल्या त्यांनी पिशवीतून नवा, खांद्यापर्यंतचा हातमोजा काढला.

"मगाचा हाय की चांगला," प्रयागबाई म्हणाली.

"तो तिथल्या गाईचा होता, बाई. तो हितं न्हाय चालत."

रेश्मानं मान वर केली. माळेगाव. आधी पट्टा तिथल्या एकाच गायीला होता, आणि आरिफच्या चाचण्याही एका वेळी एकाच गायीच्या. आता एकीचे आकडे संपले की दुसरीचे सुरू होत, पण तिसऱ्या पायरीची आठवण मात्र तीच, पायरी जोडतानाच बनवलेली. काल माळेगावच्या गायीचा शेवटचा इशारा होता 'ताप'. साखरीचा पहिलाच इशारा 'ताप'. पायरी म्हणाली, हे तर आत्ताच सांगून झालं. आणि पुढचे सगळे ताप तिनं तसेच गिळले.

एकच ओळ चुकली होती. आठवण कोरी व्हायला हवी ती प्रत्येक गायीचे आकडे सुरू होताना. रेश्मानं ती ओळ जोडणीतून उचलून प्रत्येक गायीच्या सुरुवातीला ठेवली आणि कालचे आकडे पुन्हा चालवले.

डॉक्टरांनी साखरीला तपासून हात बाहेर काढला. हातमोजा उतरवत ते खाली बघतच म्हणाले, "गाय वाचंल. वासरू न्हाय राहिलं."

प्रयागबाईनं साखरीच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात तिच्या कमरेचा फोन वाजला. तिनं सवयीनं कानाला लावला, आणि रेश्माला दोन हातांवरून स्वतःचा उत्साही आवाज ऐकू आला, "नमस्कार. साखरीला ताप आलाय. लगेच लक्ष द्या."

रेकॉर्ड केलेला आवाज आहे, हे प्रयागबाईला कुणी सांगितलंच नव्हतं. समोर बसलेल्या पुतणीकडं न बघता ती हळूच फोनमध्ये म्हणाली, "व्हय बाई. बघितली."