बोलता येईल इतक्या वेगाने

चढावर पळताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, हा मास्तरांचा नियम. मास्तर म्हणजे आमच्या पळण्याच्या गटाचे सर्वेसर्वा. पोस्टातून निवृत्त झालेले, वय अडुसष्ट, आणि पोटऱ्या अशा की चाळिशीतल्या माणसाने आपल्या झाकून ठेवाव्यात. वाक्य मध्येच तुटलं की तुमचा वेग जास्त झाला, असं त्यांचं गणित. म्हणून ते जोड्या लावतात. आम्हा नवरा-बायकोला पाहून त्यांनी पहिल्याच दिवशी हात झटकले. म्हणाले, "तुमची घरचीच जोडी. तुम्हाला विषय शोधावे लागणार नाहीत."

गटात नाव तिने घातलं होतं, दोघांचंही, मला न विचारता. मीही काही विचारलं नाही. त्या दिवसांत मला कुणी कुठेही नेऊन उभं केलं असतं तरी मी उभा राहिलो असतो.

जुलैत आमची मुलगी मेलेली जन्मली. पोटात होती तेव्हा आम्ही तिला ठकी म्हणायचो. दवाखान्यातून परतल्यावर तो शब्द घरात कुणी काढला नाही. खरं सांगायचं तर मला काही झालंच नाही. तिसऱ्या दिवशी मी कामावर गेलो. मी लिफ्ट दुरुस्त करतो. त्या दिवशी लिफ्टच्या छपरावर बसून दोन ब्रेक बदलले, डबा खाल्ला, घरी आलो. दात काढताना भूल देतात तेव्हा गाल आपला वाटत नाही ना, तसा मी सगळाच झालो होतो. बायको रडायची तेव्हा मी पाण्याचा ग्लास आणून द्यायचो आणि शेजारी बसायचो, आणि मनात उद्याच्या कामांची यादी चालू असायची. मला माझीच चीड यायची, पण तीही फार वेळ टिकायची नाही.

पाण्याच्या टाकीकडे जाणारा रस्ता आमचा चढ. तीनशे मीटर, मध्ये एक वळण, वळणानंतर जास्तच उभा. वर पळत जायचं, खाली चालत यायचं. पावलं लहान टाकायची, नजर दहा पावलं पुढे ठेवायची. पहाटेच्या थंडीत नाकाचा शेंडा आणि कान आहेत की नाहीत कळायचं नाही. पहिल्या रविवारी चार फेऱ्यांत माझा फेस निघाला. कामावरचा जोडीदार म्हणाला, "लोकांना चढायला लागू नये म्हणून जन्मभर राबलास, आणि आता स्वतः फुकटात चढतोस?"

दम लागत होता तोवर बरं होतं. आम्ही दोन-दोन शब्द फेकायचो. "गॅस संपलाय." "सांगतो." ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे विषय संपले की ती तेराचा पाढा म्हणायची आणि मी लिफ्टच्या सुट्या भागांची नावं. मास्तर वरून ओरडायचे, "शाबास! बोलत राहा!"

दोन महिन्यांत आठ फेऱ्या सहज होऊ लागल्या. वळणानंतरही वाक्यं तुटेनात. दम उरू लागला आणि त्याचं काय करायचं ते दोघांनाही कळेना.

मग तिच्या बहिणीच्या गावातल्या शाळेतून तिला बोलावणं आलं. एका रविवारी बुटाची नाडी बांधता बांधता ती म्हणाली, "उद्या कळवायचंय त्यांना. गेले तर एकटीच जाईन. तू काय म्हणतोस?"

"तुला बरं वाटेल ते कर," मी म्हणालो.

तिने बांधलेली नाडी सोडली आणि पुन्हा बांधली.

त्या दिवशी पाच फेऱ्या घरातल्या गळक्या नळाच्या वॉशरवर बोलण्यात निघाल्या. सहाव्या फेरीला ती गप्पच होती. पाढाही नाही. वळण आलं, गेलं. माझ्या छातीत भरपूर हवा होती.

"फॉर्म भरून झाला होता," मी म्हणालो.

"कसला?"

"दवाखान्यातला. नर्सने दोनदा येऊन विचारलं, बाळाला घेता का म्हणून. मी म्हटलं, फॉर्म भरतोय. पण सहीसुद्धा झाली होती. मी नुसता पेन धरून बसलो होतो."

"माहीत आहे." तिचं पाऊल चुकलं नाही. "पलंगावरून दिसत होतं मला. पेनाला टोपण होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तुला माझा राग आलाय. माझ्याच्याने नीट झालं नाही म्हणून."

"वेडी आहेस का? भीती वाटली मला. ठकीला हातात घेतलं की ती खरी होईल म्हणून."

"ती खरीच होती रे."

आम्ही टाकीपाशी पोहोचलो. मास्तरांनी घड्याळ दाबलं. "दोन मिनिटं अकरा! आणि तेही गप्पा मारत! पहिल्या दिवशी तीनच्या वर होतात, आठवतंय का?" आम्ही दोघांनी मान हलवली आणि उताराला लागलो.

"पाच महिने मी तिला एकटी आठवतेय," ती म्हणाली. "दमले मी. म्हणून निघालेय."

"जाऊ नकोस."

"हे मघाशी म्हणायला हवं होतंस. नाही, त्याच्याही आधी. आता माझं उत्तर बदलणार नाही."

तेव्हा दुखलं. आधी छातीत, मग सगळीकडेच, आणि इतकं की मी रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसलो. गटातले दोघं शेजारून वर गेले. एकाने विचारलं, "पायात गोळा आला का?" ती म्हणाली, "हो, होईल बरा." मी रडत होतो, चांगला मोठ्याने, आणि ती शेजारी उभी होती.

"केस होते तिला?" मी विचारलं.

"होते की. चांगले दाट. मागे एक भोवरा होता, तुझ्यासारखा."

"आणि जड होती?"

"दोन किलो चारशे. पण हातात जास्त वाटायची. डावा अंगठा आत दुमडलेला होता. मी सरळ केला, तर परत दुमडला."

मी उठलो. ती सांगत राहिली आणि मी ऐकत राहिलो. खाली पोहोचलो तेव्हा दोन फेऱ्या शिल्लक होत्या. आम्ही पळालो नाही. वळून पुन्हा वर चालत गेलो, कारण तिचं सांगून संपलं नव्हतं.