ठिपक्याला वळसा

नकाशा उघडतोय. थांबा.

थांबले.

कोमबावीच्या धारेवर, काळ्या खडकाला पाठ लावून मी बसले आहे आणि नकाशावर मी एक हिरवा ठिपका आहे. ठिपक्याखाली नाव मात्र माझं नाही. शर्यतीची नोंदणी करताना विचारतात, नकाशावर कोणतं नाव दिसू दे? लोक लाडाची नावं टाकतात, कुत्र्याची टाकतात. मी टाकलं: ग्वाक सकजू. माझ्या धाकट्या भावाचं. तो खाली गावात, माझ्या हॉटेलात, सुक्या माशाचं सूप ढवळतोय. त्याला यातलं काही ठाऊक नाही.

मला आज एकच गोष्ट हवी आहे. बांग ग्यूचलच्या तोंडून एक वाक्य: मी त्याला पाहिलं होतं.

नकाशा ताजा होतोय.

गेल्या साली याच खडकाखाली सकजू घसरला. मांडीचं हाड मोडलं, फोन दरीत गेला, वरून गारा. पाठीच्या पिशवीतलं यंत्र तेवढं इमानदारीत सांगत राहिलं, इथे आहे, इथे आहे. मी घरी बसून बघत होते. मागून बांगचा ठिपका आला. दोघं एकाच गटात धावायचे. सकजू त्याला ह्योंग म्हणायचा, मोठा भाऊ. बांगचा ठिपका सकजूच्या ठिपक्यावर येऊन थांबला. एकावर दुसरा बसला की खालचा दिसत नाही. मी हातातला फोन खाली ठेवला. म्हटलं, चला, घरचंच माणूस पोचलं.

मग बांगचा ठिपका हलला. वाटलं, रेंज शोधायला निघाला असेल. तो थेट शेवटच्या कमानीपर्यंत गेला. पहिला आला. गळ्यात हार, हातात मक्कल्लीच्या दारूची वाटी, दात सगळे बाहेर.

सकजूला मागच्यांनी उचललं. डाव्या पायाची बोटं थंडीने गेली.

"धुकं होतं हो," बांग संयोजकांना म्हणाला. "दिसलाच नाही."

"यंत्र चुकतं कधी कधी, आजुम्मा," संयोजक मला म्हणाले, काकूला समजवावं तसं.

मान्य. यंत्र चुकतं. पण एका जागी उभं राहून नाही चुकत.

नकाशा ताजा होतोय.

म्हणून यंदा मी लहान टप्प्याच्या शर्यतीत नाव घातलं. ती पहाटे गावाकडून सुटते आणि याच धारेवरून जाते. माझे गुडघे चढताना शिव्या देत होते, मी बांगला देत होते, अशी आमची तिघांची सोबत. खडकापाशी पोचले आणि बसले. बाकीच्या बायका पुढे गेल्या.

बांग आजही पहिला आहे. पळता पळता तो फोन काढून नकाशा बघतो, मागचा किती जवळ आलाय ते पाहायला. आज त्याला पुढेही बघावं लागेल. पुढे कोमबावीवर, त्याच जागी, ग्वाक सकजू बसलाय. हलत नाही.

थांबला, तर माझ्यासमोर बोलेल. न थांबता गेला, तर नकाशा बघणारे सगळे पाहतील की तो दुसऱ्यांदाही न थांबता गेला. इकडे आड खणला नाही, तिकडे विहीरही खणली नाही, नुसती बसले.

नकाशाशेजारच्या फळ्यावर बघे बडबडत होते. घरबसल्या डोंगर चढणारी मंडळी. निवृत्त_पोस्टमन, पाचवामजला, मांजरीचीआई.

*पाचवामजला:* बांगने वेग कमी केला.

*मांजरीचीआई:* दमला असेल. पन्नाशी आली की राव.

*निवृत्त_पोस्टमन:* आता उभाच आहे. सपाटीवर.

मी उठले, कोट झटकला, केस बांधले. लग्नाला निघाल्यासारखी.

*पाचवामजला:* अरे, हा कुठे चालला?

*मांजरीचीआई:* वाट सोडून खाली उतरतोय. लघवीला.

*पाचवामजला:* एवढ्या लांब? लाजाळू आहे.

*निवृत्त_पोस्टमन:* लघवी नाही. वळसा घालतोय. खडकाच्या खालून.

*मांजरीचीआई:* पण का? बाद होईल ना.

*निवृत्त_पोस्टमन:* पुढच्या ठिपक्याचं नाव वाचा.



मग एकेक जण नाव वाचायला लागला. कुणीतरी गेल्या वर्षीचा माग शोधून टाकला. सकजूवर थांबलेला बांग. त्याच्याखाली आजचा, माझ्याभोवती लांबून फिरणारा बांग. धुक्यात न दिसलेल्या माणसाला कुणी एवढा मोठा वळसा घालत नाही. मी एक शब्द लिहिला नव्हता. त्याच्याच पायांनी लिहिला.

मी हसले. एकटीच, मोठ्याने. खडकावरचा कावळा उडाला.

नकाशा ताजा होतोय.

नकाशा ताजा होतोय.

बांगचा ठिपका तिथेच. माझ्या खाली, ओघळीत.

फोन वाजला. मला नुना, म्हणजे ताई, म्हणणारा एकच: सकजू.

"नुना, माझं नाव नकाशावर काय करतंय?"

"फिरायला आलंय."

"तू आहेस ना ती? नुना, ह्योंग हलत नाहीये."

"बसू दे."

"पडला असेल."

"पडू दे. सूप लागेल खाली, ढवळ."

"नुना, जा."

"त्याने तुला—"

"मला माहितीये मला काय झालं. बोटं माझी गेलीत, तुझी नाही. जा म्हणतो ना!"

मी लगेच गेले नाही. हे स्पष्ट लिहिते. एक विचार आला, की सगळ्यांना माझाही ठिपका दिसतोय. दुसरा आला, की दिसू दे. खडकाला पाठ लावून पुन्हा बसले आणि मनाची तहान भागेपर्यंत बसून राहिले. ती भागेना, तेव्हा उतरले.

ओघळीत बांग पाचोळ्यात पडला होता. घोटा भलत्याच दिशेला. अंगात पातळ शर्ट, ओठ जांभळे.

"आजुम्मा! इकडे, इकडे!" मग मला ओळखलं आणि काकूची ताई केली. "नुनिम..."

"तुझी नुनिम कधीपासून? सुपाच्या दोनदोन वाट्या ओरपायचास तेव्हापासून?"

"फोन फुटला माझा. जरा बचाव पथकाला फोन लावा, एकशे एकोणीस."

मी त्याच्यासमोरच्या दगडावर बसले आणि पिशवीतून काकडी काढली. डोंगरात कुणी एकटं काकडी खात नाही. समोर असेल त्याला अर्धी मोडून देतात, चोर असला तरी. मी सबंध खाल्ली. सावकाश, आवाज करत. तो बघत होता.

"आता बोल," मी म्हणाले आणि सकजूला स्पीकरवर फोन लावला. रेंजची एकच दांडी.

"ह्योंग? फार लागलंय—"

"घोटा गेला."

"हलवू नकोस. काहीतरी उबदार—"

"आधी हा बोलेल," मी म्हणाले.

बांगने डोळे मिटले. "पाहिलं होतं," तो म्हणाला. "सकजू, मी पाहिलं होतं तुला."

आलं. वर्षभर चावत होते ते वाक्य, आलं. मी तोंडात घोळवून पाहिलं. चव लागायच्या आत तो पुढे बोलायला लागला.

"तुझं यंत्र पाठीखाली दबलं होतं. माझ्या यंत्रावरचं लाल बटण दाबलं असतं तर मदत आली असती. पण ज्याचं बटण, त्याची शर्यत संपते. मी उभा राहिलो. तुझ्या जॅकेटची चेन उघडी होती, ती हनुवटीपर्यंत ओढली. आणि गेलो."

"चेन ओढायला हात होते!" मी ओरडले. "बटण दाबायला झडले होते?"

पलीकडे सूप उकळल्याचा आवाज. मग सकजू, तुटत तुटत.

"ती चेन... मला आठवते. कुणीतरी वर ओढली होती. मला वाटायचं, नुना आली होती. वर्षभर मला तेच—"

रेंज नाही.

हे मला नको होतं. मी एक वाक्य मागितलं होतं, त्याने दोन दिली, आणि दुसऱ्यात माझ्या भावाने अंधारात माझ्यासाठी जपलेली जागा याच्या नावावर गेली. त्याचा घोटा दगडाने ठेचावा असं वाटलं. दगड हाताशी होता.

मी कोट काढून त्याच्या अंगावर फेकला. फेकला, पांघरला नाही. मग ओघळीच्या तोंडापर्यंत चढून दांडी शोधली.

"एकशे एकोणीस. बोला."

मी जागा सांगितली, घोटा सांगितला.

"जखमी तुमचे कोण?"

"वैरी."

"आवाज तुटतोय, बाई. कोण?"

"वैरी म्हटलं. माझा. गारठलाय, लवकर या."

पलीकडच्या मुलीने लिहून घेतलं. "बरं. पथक येईपर्यंत तुम्ही त्यांच्याजवळच थांबा."

"थांबणारच आहे," मी म्हणाले. "अजून मी त्याला काहीच बोललेले नाही."