"माणूस पाठवते"

मित्रांनो, मी खाणीच्या गावातला जुना टेलिफोन बोर्ड आहे. जुना म्हणा, राग नाही. शोभेचा म्हणू नका. कंपनीच्या कचेरीत दाराजवळ मला उभा करून ठेवला आहे. लोक येतात, माझ्याकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढतात आणि जातात. परमेश्वराने माणसाला दोन कान दिले. हल्ली ते चष्मा अडकवायला वापरतात.

सुताराने माझी पेटी जोडली, तारवाल्याने पोटात तारांचा गुंता भरला. माझ्या तोंडावर ओळीने भोकं, प्रत्येक भोकावर पितळेची एक झडप. कुणी फोन उचलला की झडप खाली पडायची. मग बाई त्या भोकात दोरीचं टोक खुपसून म्हणायच्या, "बोला." दुसरं टोक हव्या त्या घरात. एवढंच काम. पण ते करताना माणसांची जी बोलणी माझ्या पोटातून गेली, त्यावरून सांगतो, निम्मी गेली नसती तरी जगाचं काही अडलं नसतं. साहेब लोक तर ओरडायचे असे, की तारेची गरजच नव्हती.

बाई म्हणजे माझी ऑपरेटर. आली तेव्हा वेणी घातलेली पोर होती, खुर्चीवर बसल्यावर पाय जमिनीला टेकत नव्हते. तिचे वडील खाणीतच गेले होते. तेव्हा कंपनीने गल्लीच्या टोकाच्या किराणा दुकानात फोन केला. दुकानदाराने तिथूनच हाक मारली, "अगं ए, तुझे बाबा गेले गं, कंपनीचा फोन आहे." पोर आईबरोबर कपडे वाळत घालत होती. त्या सद्गृहस्थाने हातातला तराजूसुद्धा खाली ठेवला नाही. त्याला दुकानदार म्हणायचं की दगड, तुम्हीच ठरवा. दगडाचा अपमान होईल म्हणून मी गप्प बसतो.

म्हणून माझ्यापुढे बसल्यावर बाईंनी एक रीत पाडली. मरणाची बातमी तारेवरून जायची नाही. खाणीच्या तोंडावरून तसा निरोप आला की त्या एवढंच म्हणायच्या, "माणूस पाठवते." माणूस म्हणजे आमचा लाइनमन. तो गल्लीच्या तोंडाशी टोपी काढायचा, ती हातात धरून दारापर्यंत चालत जायचा, आत बसायचा आणि घरचं कुणी येईपर्यंत उठायचा नाही. पुढे पुढे त्याच्या हातातली टोपी पाहूनच बायका दाराला धरून उभ्या राहायच्या.

यातून एकदा घोटाळा झाला. एका खाणकामगाराला कंपनीने बक्षीस दिलं. कारकुनाने आळस केला आणि ते सांगायला लाइनमनलाच पिटाळलं. ऊन कडक होतं, बिचाऱ्याने घाम पुसायला टोपी काढली. झालं. गल्लीत रडारड. शेजारणीने बक्षीसवाल्याच्या बायकोला मिठी मारली, कुणी सासूला धरलं. तेवढ्यात न्हाणीघरातून स्वतः बक्षीसवाला पंचा गुंडाळून बाहेर आला.

"कोण गेलं गं?"

"तुम्हीच," बायको म्हणाली आणि मटकन खाली बसली.

गाव पोट धरधरून हसलं. नव्या मॅनेजरसाहेबांना मात्र हसू येत नसे; ते त्यांच्या हुद्द्यात बसत नसावं. त्यांनी हुकूम काढला. यापुढे माणूस जाणार नाही, सगळ्या बातम्या फोनवर. वेळ वाचतो.

"कुणाचा, साहेब?" बाईंनी विचारलं.

साहेब घड्याळ पाहत आत गेले.

आणि पावसाळ्यानंतर खाणीत छत कोसळलं. लाकडाचे टेकू लावणारा एकजण गेला; घरी त्याची तरणी बायको होती. लाइनमन तेव्हा दूर टेकडीवर तुटलेली तार जोडत होता. साहेब माझ्यापुढे येऊन उभे राहिले. "त्याच्या गल्लीतला फोन जोडा."

बाईंनी दोरी हातात घेतली आणि मांडीवर ठेवली.

"जोडणार नाही."

"नोकरी जाईल."

"जाऊ दे. दुसरी खुर्ची मिळेल कुठे तरी. त्या पोरीला हे ऐकायला दुसरे कान कुठून आणू?"

"मग सांगणार कोण?"

"तुम्ही आहात की. गल्ली चार पावलांवर आहे. जाताना टोपी काढा."

माझ्या झडपा पटापट पडत होत्या, कुणाचा माणूस वर आला म्हणून सगळं गाव विचारत होतं. साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. कचेरीतला एकेक शूर आपापल्या टेबलात मान खुपसून बसला होता. मग साहेब चालत गेले.

परतले तेव्हा बुटांना चिखल होता. "तिनेच मला पाणी दिलं," एवढंच म्हणाले. हुकूम फाडला गेला. इथवर ठीक. पण पुढे निरोपसमारंभात याच साहेबांनी ही रीत आपण सुरू केल्याचं सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. बाई मागच्या रांगेत होत्या. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नसत्या.

नंतर आपोआप जोडणारं यंत्र आलं. बाई घरी गेल्या, मी त्यांच्या खुर्चीसकट इथे दाराशी आलो. माझ्यावर पाटी लावली, "हात लावू नये". जसं काही हात लावायला रांग लागली होती.

परवा दारातून आमचा लाइनमन आत आला, आता म्हातारा झालेला. काठी टेकत, धापा टाकत चढ चढून आला होता. दाराशी बसणारी मुलगी मोबाइलमधून मान न काढता म्हणाली, "कुणाकडे जायचंय, काका? फोन करून यायचं ना."

"याच्याकडे," लाइनमनने माझ्याकडे बोट दाखवलं.

"त्या लाकडाकडे?"

"जन्मभर बसली ती याच्यापुढे. घरचाच म्हणायचा."

त्याची टोपी हातात होती. मला आणखी काही सांगायची गरज नव्हती. तरी त्याने सांगितलं, हळू, रीतीप्रमाणे. मग माझ्यापुढच्या उंच खुर्चीशेजारी जमिनीवरच बसला आणि बराच वेळ उठला नाही. त्या मुलीने शेवटी मोबाइल उलटा ठेवला आणि पाण्याचा पेला आणला.

मित्रांनो, माझी धूळ पुसू नका. मला पॉलिशही नको. तुमच्या खिशात तो चिमुकला फोन आहे, खुशाल वाजवा. पण एखाद्या घराला मरण सांगायची वेळ आली, तर तो खिशातच राहू द्या. चपला घाला. चालत जा.